चाकावरचा काळा कीस: ब्रेकची धूळ रिमला आणि स्वतःला न दुखावता कशी काढायची

फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि गाडीच्या पुढच्या चाकाच्या रिमवर, आतल्या कडेने, एकदा फिरवा. पिशवीला बारीक काळे केस उगवल्यासारखे दिसतील. ते लोखंड आहे. रस्त्यावरची माती नव्हे, तुमच्याच ब्रेकचा कीस.

नवी गाडी घेतलेल्या प्रत्येकाला मी हा प्रयोग करायला लावतो. तो एकदा केला की पुढचं निम्मं सांगावंच लागत नाही. मातीला पाणी पुरतं. लोखंडाच्या किसाला पुरत नाही, आणि त्याला जोर लावला तर तो रिमवर सँडपेपरसारखा चालतो.

ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड आवळतो. डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. पॅडमध्ये धातूचे तंतू, कार्बन आणि हे सगळं धरून ठेवणारं रेझिन असतं. दोन्ही झिजतात आणि त्यांची गरम पूड शेजारच्या रिमवर जाऊन बसते. इथपर्यंत जगभर सारखंच. मुंबईत त्यात खारी, दमट हवा मिळते. कीस रिमवर बसल्या बसल्या गंजायला लागतो आणि वरच्या पारदर्शक लॅकरमध्ये रुततो. काळ्या धुळीच्या जागी तांबूस ठिपके दिसायला लागले, की समजायचं आता नुसत्या फडक्याने काम होणार नाही.

किती धूळ बसणार हे तुम्ही जाता कुठून यावर ठरतं. मी राहतो भांडुपला, ऑफिस घाटकोपरला. एलबीएस मार्गावर संध्याकाळी पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. एका आठवड्यात पुढची चाकं काजळी धरतात. याच गाडीने अटल सेतूवरून उरणकडे गेलो तर २१.८ किलोमीटरच्या त्या पुलावर ब्रेकला जेमतेम पाय लागतो. अंतर जास्त, धूळ कमी. त्यामुळे 'किती किलोमीटरनंतर चाक धुवायचं' या प्रश्नाला अर्थ नाही. किती वेळा ब्रेक दाबला, ते मोजा.

पुढची चाकं काळी आणि मागची बरीच स्वच्छ दिसली तर घाबरू नका. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं जास्त काम पुढच्या ब्रेकना करावं लागतं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांची धूळ डब्यात झाकल्यासारखी आतच राहते. पुढे-मागे फरक चालतो. डावी-उजवीकडे चालत नाही. ते का, ते खाली सांगतो.

आधी हे हातातून खाली ठेवा

पहिली गाडी घेतली तेव्हा रिमवरचे डाग बघून शेजारचे काका म्हणाले होते, "अरे, संडास साफ करायचं ॲसिड मार की थोडं, पाच मिनिटांत आरशासारखं होईल." मी ऐकलं नाही, पण नंतर एका वॉशिंग सेंटरवाल्याने न विचारता तेच केलं. बाटलीला लेबल नव्हतं. फवारल्यावर वास आला, धूर आल्यासारखं वाटलं आणि रिम खरंच चकाकली. दोन दिवसांनी उन्हात बघतो तर नटांच्या भोवती दुधाळ पांढरे ओघळ. फडक्याने पुसले, पॉलिश केलं, जाईनात. ॲसिडने लॅकर खाऊन खालच्या ॲल्युमिनियमला हात घातला होता. ते ओघळ गाडी विकेपर्यंत माझ्यासोबत होते.

म्हणून बिनलेबलाचं काहीही चाकावर मारू देऊ नका. लेबल असलं तरी वाचा. त्यावर हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा बायफ्लोराइड असा शब्द दिसला, तर बाटली दुकानातच राहू द्या. रिमचं नुकसान ही नंतरची गोष्ट. हे ॲसिड कातडीवर पडल्यावर कधी कधी लगेच दुखतही नाही आणि तोवर आत हाडापर्यंत पोचलेलं असतं. घरच्या अंगणात वापरायची ही वस्तू नाही.

कॉस्टिक सोड्याची पावडर, कपड्यांचा सोडा, ओव्हन साफ करायचे फवारे हेही नकोत. ॲल्युमिनियमला आम्ल जितकं सोसत नाही, तितकाच तीव्र अल्कलीही. तारेची घासणी आणि काथ्या तर विसराच. ब्रेक क्लीनर नावाचा जो स्प्रे मिळतो तो मेकॅनिकने डिस्कवर मारायचा. रंग आणि लॅकर त्याने बिघडू शकतो. नावात ब्रेक आहे म्हणून नवखे नेमकं तेच उचलतात. तेलकट स्प्रे मारून रिम चमकवणं ही सगळ्यात महागात पडणारी युक्ती. ते तेल डिस्कवर उतरलं तर पुढच्या सिग्नलला गाडी थांबायला हवी तिथे थांबणार नाही.

कुठे, कधी, कोणत्या पाण्याने

चाक थंड हवं. ऑफिसातून आलात आणि लगेच पाइप धरलात, असं करू नका. डिस्क तापलेली असते. घाट उतरून आला असाल तर चांगलीच. तापलेल्या बिडावर अचानक थंड पाणी पडलं तर डिस्क वाकडी होण्याचा धोका असतो. दुसरं म्हणजे साबण रिमवरच वाळतो आणि डाग पडतात. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी साडेसहा-सातची वेळ, सावली. बोनेटखालून उष्णता येत नाहीये ना, आणि रिमला हाताची मागची बाजू लावून गार लागतंय ना, एवढं बघायचं.

जागेचा प्रश्न मुंबईत खरा. बऱ्याच इमारतींत गाड्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखाली खांबांच्या मधे लागतात आणि यांत्रिक पार्किंग असेल तर तिथे पाणी सांडणं म्हणजे खालच्या गाडीवर काळा अभिषेक. सोसायटीच्या ऑफिसात आधी विचारा. आमच्याकडे गेटजवळची उताराची जागा रविवारी आठपर्यंत मोकळी असते, मी तीच धरतो.

पाण्याचं म्हणाल तर पाइप लागतच नाही. चार चाकांना तीन बादल्या मला पुरतात. मे महिन्यात तलावांची पातळी खाली जाऊन पाणीकपात सुरू झाली की त्याहूनही कमीत भागवावं लागतं. पण पाणी कुठलं, याला महत्त्व आहे. तानसा-भातसाकडून येणारं पालिकेचं पाणी मऊ असतं. बोअरचं किंवा टँकरचं बहुतेक वेळा जड, म्हणजे क्षारांचं. जड पाणी रिमवर वाळलं की पांढरे गोल राहतात. धुवायला बोअरचं पाणी वापरा, पण लगेच पुसा. शेवटचा एक तांब्या मऊ पाण्याचा मिळाला तर उत्तम.

सामान थोडं आहे. दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. गाडीचा शाम्पू. एक मऊ केसांचा ब्रश, नटांच्या खोबणीसाठी रंगाऱ्याचा जुना एक इंची ब्रश. दोन मायक्रोफायबर फडकी, जी पुन्हा कधी बोनेटला लावायची नाहीत. नायट्राइलचे हातमोजे. नाकावर एन-९५ मास्क असला तर बरा. पाण्याची स्प्रे बाटली. आणि लोखंड विरघळवणारं द्रावण, दुकानात 'आयर्न रिमूव्हर' म्हणून मागायचं. ते प्रत्येक वेळी लागत नाही.

मास्क कशाला, असं वाटेल. हे कण फार बारीक असतात, श्वासातून खोल जातात. जुन्या पॅडमध्ये ॲसबेस्टॉसही असायचं. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत तर सायलेन्सरच्या धुराबरोबर ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा घातली, यावरून ओळखा. म्हणून एक नियम पक्का: कोरडी धूळ कधी झाडायची नाही, फुंकायची नाही, आणि पंक्चरवाल्याच्या हवेच्या पाइपने उडवायची तर मुळीच नाही. आधी भिजवा.

आता चाक

चाकं आधी, बाकीची गाडी नंतर. उलट केलंत तर धुतलेल्या दारांवर काळे शिंतोडे उडतात. आणि एका वेळी एकच चाक, सुरुवातीपासून पुसण्यापर्यंत.

गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. चाकाला पुढून-मागून लाकडी गुटका किंवा वीट लावा. हँडब्रेक मी धुताना ओढत नाही, त्याचं कारण शेवटी येईल. जॅक लावून चाक काढायची हौस नवख्याने करू नये. हे काम चाक जागेवर असताना छान होतं.

स्टीलचं रिम आणि वर प्लॅस्टिकची व्हील कॅप असेल तर कॅप काढून घ्या. कडेला दोन ठिकाणी बोटं घालून सरळ बाहेर ओढायची, एकाच बाजूने उचकटली तर क्लिपा तुटतात. परत लावताना कॅपची खाच हवेच्या व्हॉल्व्हसमोर आली पाहिजे. कॅप बादलीत वेगळी धुवा आणि कॅपमागचं रिम नीट पुसा, गंज तिथेच धरतो.

स्प्रे बाटलीने चाक भिजवा. नुसतं पाणी, भरपूर, आणि मिनिटभर थांबा. मग तांब्याने वरून खाली पाणी सोडा. सुटी धूळ एवढ्यातच काळ्या ओघळाने निघून जाते. हा ओघळ जवळजवळ स्वच्छ होईपर्यंत ब्रश लावायचा नाही. नवख्यांची सगळी घाई इथेच होते. ज्या चाकांवर गोल गोल बारीक ओरखडे दिसतात, ती बहुतेक याच पायरीला घाईने ब्रश लावलेली असतात.

त्यानंतर साबण. शाम्पूचा फेस ब्रशने आधी रिमच्या आतल्या नळकांड्याला, मग आऱ्यांच्या मागच्या बाजूला, शेवटी दर्शनी भागाला. ब्रश दर दोन आऱ्यांनंतर साध्या पाण्याच्या बादलीत खळखळवा. त्या बादलीच्या तळाशी काय साचतं ते एकदा बघाच, पुन्हा कधी एका बादलीत धुणार नाही. आत नळकांड्यावर करड्या रंगाच्या छोट्या चौकोनी पट्ट्या चिकटवलेल्या दिसतील. ती बॅलन्सिंगची वजनं आहेत. घासून उपटू नका, नाहीतर वेग वाढला की स्टीअरिंग थरथरायला लागेल. कॅलिपरच्या मागे हात पोचत नाही, ती जागा सोडून द्या. मग गाडी अर्धं चाक पुढे घेतली की तो भाग आपोआप समोर येतो.

नटांच्या खोबणीत एक इंची ब्रश गोल फिरवा. दसऱ्यानंतरच्या रविवारी इथे हमखास हळदकुंकू आणि झेंडूची एखादी पाकळी सापडते. कुंकू ओलं असताना चटकन निघतं, वाळून आठवडा गेला तर लॅकरवर गुलाबी छटा राहते. पूजा झाली की दुसऱ्याच दिवशी पुसा, देव रागावत नाही.

साबण वाळायच्या आत धुऊन टाका.

ठिपके राहिलेच तर

साबणानंतरही तांबूस ठिपके आणि बोटाला खरखर लागत असेल, तरच आयर्न रिमूव्हर. बहुतेकांत थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होतं. पांढऱ्या अलॉय रिमवरून जांभळाचा रस गळतोय असं दृश्य दिसतं, पहिल्यांदा बघताना मजा वाटते. वासाची मात्र अजिबात नाही. पार्लरमध्ये केस कुरळे करताना येतो तोच कुबट, सडक्या अंड्याचा वास, कारण रसायन त्याच कुळातलं आहे. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून फवारा.

आधी आऱ्याच्या मागे एका कोपऱ्यात थोडं लावून बघा. रिम थंड, सावलीत आणि पाणी निथळलेलं. फवारून दोन-तीन मिनिटं थांबा, बाटलीवर वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. वाळू द्यायचं नाही. वाळायला लागलं तर लगेच धुवा. मऊ ब्रशने हलकेच फिरवा आणि भरपूर पाण्याने उतरवा. डिस्क आणि कॅलिपरवर मुद्दाम मारायचं नाही. डिस्कच लोखंडाची आहे, तिथे ते जांभळं होतच राहणार आणि तुमची बाटली संपणार. जांभळा रंग आलाच नाही, तर लोखंड शिल्लक नाही. उरलेले डाग डांबराचे असतील किंवा लॅकर गेलेलं असेल, आणखी फवारून काही होणार नाही.

मी हे तीन महिन्यांतून एकदा करतो. दर आठवड्याला फवारणारे लोक मला उगाच खर्चिक वाटतात.

डायमंड कट अलॉय असतील, म्हणजे पुढचा भाग चकचकीत धातूचा आणि खोबणी काळी किंवा राखाडी, तर दुप्पट जपा. त्या चकाकीवर पातळ लॅकरच असतं. फुटपाथला घासून ते एका जागी फुटलं की तिथून आत पाणी शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या अळ्या सरपटल्यासारख्या रेषा पसरतात. अशा फुटलेल्या जागी कोणतंही रसायन नको, नुसता शाम्पू.

सध्या रस्त्यांची काँक्रीटची आणि मेट्रोची कामं चालू आहेत, त्यामुळे सिमेंटचे शिंतोडेही चाकावर सापडतात. नखाने किंवा पट्टीने खरवडू नका. ओलं फडकं अर्धा तास ठेवून मऊ पडतं का बघा. नाही पडलं तर जाणकार डिटेलिंगवाल्याकडे जा.

प्रेशर वॉशर वापरणार असाल तर नळी निदान फूटभर लांब धरा. टायरच्या कडेवर, कॅलिपरच्या रबरावर आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरवर जवळून धार मारू नका.

जांभळं पाणी आणि बादलीतला गाळ गेटबाहेरच्या जाळीत ओतू नका. मुंबईत पावसाळी गटारं आणि मलवाहिन्या वेगळ्या आहेत, त्या जाळीतलं पाणी नाल्यातून खाडीत जातं. मी गाळाची बादली वर नेऊन बाथरूमच्या मोरीत रिकामी करतो. बायकोची नाराजी असते, पण मोरी नंतर मीच धुतो.

डावं-उजवं

आता वर राहिलेली गोष्ट. चाक धुणं ही एकच वेळ, जेव्हा तुम्ही ब्रेकच्या एवढ्या जवळ बसता. मग बघून घ्या. धुण्याआधी चारही चाकांचा मोबाइलवर फोटो काढायची सवय मी लावून घेतली आहे.

मागच्या पावसाळ्यात फोटोत डावं पुढचं चाक उजव्यापेक्षा स्पष्ट काळं दिसलं. पहिल्यांदा वाटलं, फुटपाथकडच्या चिखलाने असेल. धुतलं, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. गाडी चालवून आल्यावर त्या चाकाजवळ उभं राहिलं की गरम वाफ यायची, दुसऱ्याजवळ नाही. गॅरेजमध्ये नेलं तर कॅलिपरची पिन जाम झालेली. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत होता, आणि आतला पॅड बाहेरच्याच्या निम्माही उरला नव्हता. पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड बदलले. फोटो नसते तर मी तो काळेपणा दर आठवड्याला निष्ठेने धूत बसलो असतो.

आऱ्यांतून टॉर्च मारून पॅडही बघा. धातूच्या पाटीवरची अस्तराची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर बदलायची वेळ झाली.

पुसणं आणि त्यानंतर

चाकाच्या फडक्याने रिम कोरडं करा. व्हॉल्व्हभोवती आणि नटांत पाणी राहतं, तिथे फडक्याचं टोक घाला. कोरड्या रिमवर स्प्रे वॅक्सचा हलका हात दिला तर पुढच्या वेळी निम्मी धूळ पाण्यानेच सुटते. टायर पॉलिश लावायचंच असेल तर स्पंजवर घेऊन फक्त टायरच्या कडेला लावा. सरळ फवारलं की डिस्कवर जातं, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लागलं तर टायर घसरतो.

गाडी धुणारा लावला असेल तर त्याच्याशी बोला. आमच्याकडे येणारे दादा पहाटे पाचपासून एका बादलीत सात गाड्या पुसायचे, चाकाचं फडकं तसंच पुढे काचेवर. त्यांना दोष देऊन काय उपयोग, तेवढ्या पैशांत तेवढाच वेळ. मी त्यांना दोन लाल फडकी दिली आणि म्हटलं, "दादा, लाल फक्त चाकाला, आणि चाक कोरडं असताना हात लावू नका." ते म्हणाले, "आधी सांगायचं ना साहेब." आता आमच्या ओळीत पाच गाड्यांना लाल फडकी आहेत.

मरीन ड्राइव्ह किंवा वरळीला भरतीच्या फवाऱ्यातून गाडी गेली असेल तर दुसऱ्या दिवशी नुसतं गोडं पाणी तरी चाकांवर ओता. बाकी साबणाचं धुणं दोन आठवड्यांतून एकदा बस झालं.

शेवटचं काम विसरू नका. धुतल्यावर ब्रेक ओले असतात. हँडब्रेक ओढून गाडी तशीच उभी ठेवली तर पावसाळ्यात मागच्या ब्रेकचा लायनर, म्हणजे आतलं घासणारं अस्तर, ड्रमला चिकटतो आणि सोमवारी सकाळी गाडी जागची हलत नाही. म्हणून गुटके काढा, गाडी चालू करा आणि सोसायटीच्या आवारात हळू एक फेरी मारा, मधे तीन-चार वेळा ब्रेक हलकेच दाबत. पहिल्या दाबाला खर्रर्र असा आवाज येईल. डिस्कवर तासाभरात धरलेला कोवळा गंज निघतोय, एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला तो थांबतो. पाच-सहा वेळा दाबूनही थांबला नाही, किंवा गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर रस्त्यावर काढू नका. मेकॅनिकलाच खाली बोलवा.